माझ्या हातची नको?

वर्षातून एकदा, मार्चच्या पहिल्या सोमवारी, आमच्या पासो ओंदो गावच्या रेडिओवर माझा आवाज लागतो. एकच शब्द असतो, 'आभार'. त्याच्या आधी आणि नंतर माझ्या नवऱ्याचा, अल्सिदेसचा, आवाज असतो. केंद्राचा वाढदिवस म्हणून ती जुनी फीत दरवर्षी लावतात. मग आठवडाभर पावाच्या दुकानात कुणी ना कुणी बाई माझा हात धरून म्हणते, "डोन्या नेल्दा, किती गोड म्हणालात हो." मी हसते आणि पाव घेऊन घरी येते.

तो शब्द मी कशासाठी म्हटला होता, हे आता पासो ओंदोत दोनच माणसांना माहीत आहे. एक मी, दुसरी शेजारची इल्दा. तिसरी मिरियान, माझी मुलगी, पण ती इथे नाही.

अल्सिदेस पिन्तोसचा आवाज मी त्याच्या आधी ओळखत होते. माझे वडील मेंढ्या कातरणाऱ्या टोळीत होते. आमच्या पत्र्याच्या खोलीत चैनीची अशी एकच वस्तू होती, बॅटरीवर चालणारा रेडिओ. त्यावर सकाळी साडेसहाला आणि दुपारी बाराला निरोप लागायचे. दूरच्या वाड्यांवर फोन नव्हते आणि नदी चढली की वाट बंद. मग गावात आलेली माणसं केंद्रावर चिठ्ठी द्यायची आणि अल्सिदेस ती वाचायचा. "बान्यादोच्या वाडीवरच्या फेर्मिनाला निरोप. नवरा दवाखान्यातून सुटला. गुरुवारी फाट्यावर घोडा पाठव." हे तो अशा काही सुरात वाचायचा की घोडा माझ्यासाठीच सांगितला आहे असं मला वाटायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुढच्या वर्षी, एकसष्ट साली, आमचं लग्न झालं.

लग्नानंतर निरोपांच्या चिठ्ठ्या मी स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायला लागले. लोक आमच्या खिडकीतून चिठ्ठ्या आत टाकायचे. कुणी तंबाखूच्या कागदावर लिहिलेलं असायचं, कुणी नुसतं तोंडी सांगायचं. संध्याकाळी मी टेबलाशी बसून लिहायची. मला ते काम आवडायचं. कुणाची गाय व्याली, कुणाची आई गेली, कुणाचं पोर पास झालं, सगळं माझ्या हाताखालून जायचं.

दुपारी जेवायला आला की अल्सिदेसचा पहिला प्रश्न ठरलेला, "आवाज कसा लागला?"

सुरुवातीला मी खरं सांगायची. एकदा म्हटलं, "फेर्मिनाची आई गेल्याचा निरोप वाचलास, तेव्हा मला रडू आलं. बिचारी तिकडे एकटी असेल."

"ते सोड. आवाज कसा लागला?"

"चांगला लागला."

"नुसता चांगला?"

तेव्हापासून मी 'चांगला' हा शब्द टाकून दिला आणि मोठे शब्द शोधू लागले. तेही संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्याला पुनरुक्ती चालायची.

अडुसष्ट साली त्यानं एक निरोप चुकीचा वाचला. लाउदेलिना नावाची म्हातारी वारली होती, यानं वाचलं लाउरियाना. लाउरियानाची बहीण काळे कपडे घालून, घोड्यावरून सात कोस तुडवत आली, तर लाउरियाना अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. गावभर बोभाटा झाला. मी घरी चिठ्ठी पाहिली. माझ्या अक्षरात लख्ख 'लाउदेलिना' लिहिलं होतं. मी ती त्याच्यासमोर धरली. त्यानं पाहिलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला, सगळ्या तालुक्याला ऐकू जाईल अशा मऊ आवाजात तो म्हणाला, "श्रोतेहो, माझ्या बायकोच्या अक्षराबद्दल मी तुमची क्षमा मागतो. बिचारी शाळेत फार गेली नाही. मी तिला समजून घेतो, तुम्हीही घ्या."

लोकांना तो किती मोठ्या मनाचा वाटला. पुढची वीस वर्षं दुकानदार मला यादी परत देऊन म्हणायचा, "डोन्या नेल्दा, हे साखर आहे की साबण? वाचून दाखवा बाई, नाहीतर कुणाचं तरी मयत व्हायचं." सगळे हसायचे. मीही हसायची. चिठ्ठी मी जपून ठेवली. दाखवायची कुणाला, हा प्रश्न होता.

मिरियान त्रेसष्टची. मुलगी शांत. बोलण्याआधी शब्द तोंडात घोळवायची. नऊ वर्षांची असताना जूनमधल्या देशाच्या सणाला तिला रेडिओवर कविता म्हणायची होती. महिनाभर माझ्यासमोर म्हणून दाखवत होती. त्या दिवशी दुसऱ्या कडव्यापाशी ती थांबली. श्वास घ्यायला थांबली असेल. अल्सिदेसनं मायक्रोफोन स्वतःकडे ओढला आणि उरलेली चार कडवी स्वतः म्हटली. लोक म्हणाले, काय बाप आहे.

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, मला आठवत होतं."

"मग थांबलीस कशाला? तुझी लाज राखली मी. आभार मान."

"आभार, बाबा."

आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा म्हणावा लागायचा. बूट घेतले, आभार मान. आगगाडी दाखवली, आभार मान. विसरलात तर तो रागावायचा नाही. दोन-तीन दिवस घरात कुणी नसल्यासारखा वावरायचा. मुलगी समोर उभी असली तरी तिच्या अंगावरून पलीकडच्या भिंतीकडे बघायचा. मग मीच तिला ढकलायची, "जा, म्हण. जा गं."

फक्त एका जागी तो शब्द चालत नसे. येर्बा पिताना. आमच्याकडे येर्बा, म्हणजे कडवट पानांचा चहा, गोल बसून पितात. एक जण पानं घातलेल्या तुंब्यात गरम पाणी भरतो आणि पाळीपाळीनं हातात देतो. आपण नळीनं शेवटपर्यंत ओढायचं आणि तुंबा परत करायचा. काही बोलायचं नाही. परत करताना 'आभार' म्हटलं की त्याचा अर्थ पुरे, मला यातून वगळा. शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण रविवारी दुपारी आमच्या बकाणाच्या झाडाखाली भरून द्यायचा तो अल्सिदेस, आणि कुणी 'आभार' म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा. "एवढ्यात? माझ्या हातची नको?" म्हणून पाहुणे पोट डम्म होईतो प्यायचे. शेजारचा एल्बियो, इल्दाचा नवरा, घरी जाताना कुंपणाशीच उभा राहायचा, इल्दा ओरडायची, "अरे, निदान आपल्या अंगणात तरी ये." तेहेतीस वर्षांत त्या झाडाखाली थर्मासमधलं पाणी संपण्याआधी मी 'आभार' म्हटलं नव्हतं.

मिरियान एकोणिसाव्या वर्षी राजधानीत गेली. प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम. पुढे तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सुट्टीत यायची, बापाचं ऐकून घ्यायची, जायची. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत आली तेव्हा मी कणीक मळत होते. तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं.

"आई, बाबाला जे आहे ना, त्याला नाव आहे. आमच्याकडे एक मानसशास्त्रज्ञ बाई येतात, त्यांना मी सगळं सांगितलं. स्वतःच्या प्रेमात पडलेली माणसं असतात. त्यांना दुसरं माणूस दिसतच नाही. आरसा दिसतो."

"औषध आहे?"

"त्याच्यासाठी नाही. तुझ्यासाठी आहे."

"मग आजारी कोण, तो की मी?"

ती हसली. मीही हसले. पण नाव असल्याचं मला बरं वाटलं नाही. नाव आहे म्हणजे असे पुष्कळ असणार, आणि त्यांच्या घरात माझ्यासारख्याही.

त्या बाईंचा एक सल्ला तिनं मला आदल्या वर्षीच्या सुट्टीत, कुणाचा ते न सांगता, दिला होता. दगड व्हायचं. रडायचं नाही, चिडायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं, म्हणजे अशा माणसाला आपल्याकडून काही मिळेनासं होतं आणि तो सोडून देतो. मी वर्षभर दगड झाले. अल्सिदेसला काही फरक कळला नाही. उलट एल्बियोला म्हणाला, "हल्ली आमची म्हातारी किती छान ऐकते."

"म्हणून म्हणते, चल माझ्याबरोबर," मिरियान म्हणाली. "पलंग घेऊन ठेवलाय तुझ्यासाठी. खिडकीतून बंदर दिसतं. रविवारी संध्याकाळी सहाची बस."

"त्याला काय सांगू?"

"चारचौघांत सांग. कारण देऊ नकोस. भांडण नको. 'मी चालले', बस."

"मला त्याच्यासमोर वाक्य पुरं करता येत नाही, माहितीये ना तुला. दोन शब्द झाले की पुढचं तोच म्हणतो."

मिरियाननं कणकेत बोट दाबलं. मग म्हणाली, "एक शब्द येईल?"

असं ते ठरलं. तुंबा परत करायचा, 'आभार' म्हणायचं, उठायचं, स्वयंपाकघराच्या दाराआडची बॅग उचलायची. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा म्हटल्यावर कुणाला कळायचं राहणार नाही. बॅगेत मी तीन फ्रॉक, लोकरीची शाल आणि लाउदेलिनाची चिठ्ठी ठेवली.

रविवारी दुपारी विस्तवावर बरगड्या भाजून झाल्या, जेवणं झाली, आणि आम्ही पाच जण झाडाखाली बसलो. अल्सिदेस, एल्बियो, इल्दा, मी, मिरियान. उकाडा होता. अल्सिदेस फार खुशीत. केंद्राला पस्तीस वर्षं होणार म्हणून मार्चमध्ये त्याच्या नावाचा पितळी फलक लागणार होता.

"फलकाखाली फोटो पण लावा म्हटलं," तो म्हणाला. "आवाजाला चेहरा हवा."

"तुझा चेहरा लावला तर लोक रेडिओ बंद करतील," एल्बियो म्हणाला.

सगळे हसले. अल्सिदेस हसला नाही. त्यानं एल्बियोची पाळी वगळून तुंबा इल्दाला दिला. मग माझ्याकडे मान वळवली.

"हिला मी कुठून उचललं, माहितीये? लोकरीच्या ढिगातून. अंगाला मेंढ्यांचा वास यायचा. केसांत गोचिड्या होत्या."

"गोचिड्या नव्हत्या," मी म्हटलं.

"होत्या. तुला काय दिसणार, तुझ्याच डोक्यात होत्या." त्यानं मला तुंबा दिला. "आणि आज बघा. दारात खुर्ची टाकून बसली की अख्खं गाव टोपी काढतं. कुणामुळे? सांगा ना, कुणामुळे?"

मी वेळ निवडली नव्हती. नळीत गुरगुर वाजलं, पाणी संपलं, माझी पाळी झाली. मी तुंबा त्याच्या हातात दिला.

"आभार," मी म्हटलं.

इल्दानं झटकन माझ्याकडे पाहिलं. मिरियाननं खुर्चीची कड धरली. एल्बियोचं तोंड उघडंच राहिलं. माझे पाय उठायला निघाले होते, हे मला नक्की आठवतं. टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या.

अल्सिदेसनं तुंबा छातीशी धरला. त्याचे डोळे भरून आले. त्याला केव्हाही पाणी आणता यायचं, पण मला वाटतं ते खरं होतं.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "तेहेतीस वर्षांनी. मी मागितलं नव्हतं. आपणहून."

"मी म्हणजे..." मी म्हटलं.

"भारावलीये ती," तो म्हणाला. "बोलता येत नाहीये तिला."

एल्बियोनं टाळ्या वाजवल्या. बहुतेक मघाच्या थट्टेची भरपाई म्हणून. त्याच्या मागोमाग इल्दानंही दोन वाजवल्या. अल्सिदेसनं तुंब्यात पाणी भरलं. आभार म्हटलेल्या माणसाला पुन्हा भरून देत नाहीत. त्यानं भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे म्हातारे. आणखी एक."

माझा हात पुढे गेला. का गेला, याचा मी तीस वर्षं विचार केला आहे. हाताला सवय होती, यापलीकडे मला काही सापडलेलं नाही. मी नळी तोंडात घेतली. नळी तोंडात असली की बोलता येत नाही.

मग मिरियानची पाळी आली. तिनं शांतपणे, शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं आणि तुंबा परत केला.

"आभार, बाबा."

त्याचा चेहरा पडला. "एवढ्यात? पहिलीच तर होती. माझ्या हातची नको?"

म्हणजे त्याला अर्थ माहीत होता. चांगला माहीत होता.

"बस आहे," ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, तिची आणि माझी.

"एवढ्याशा पोरीला दोन बॅगा?" एल्बियो म्हणाला.

"आईनं भरून दिलं असेल काहीबाही," अल्सिदेस म्हणाला. "बसा हो तुम्ही. फलकाचं सांगत होतो."

तिनं माझी बॅग फाटकाजवळच्या कठड्यावर ठेवली आणि तिथेच उभी राहिली. कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला. कंडक्टर उतरला, तिची बॅग वर टाकली. ती माझ्याकडे बघत होती. मी येर्बा पीत होते. अल्सिदेस सांगत होता की फलकावर अक्षरं उठावाची असणार, कोरीव नाही, कारण कोरीव अक्षरांत धूळ बसते. बस निघाली. धूळ आमच्यापर्यंत आली तेव्हा त्यानं तुंब्यावर हात धरला.

संध्याकाळी इल्दानं जाताना कठड्यावरची बॅग उचलली, आत आणली आणि दाराआड ठेवली.

सोमवारी सकाळी निरोपांच्या आधी त्यानं ही हकीकत तालुक्याला सांगितली. मार्चमध्ये फलक लागला त्या दिवशी मला केंद्रावर नेलं. "एकच शब्द म्हण," तो म्हणाला. "परवा म्हटलास तसा. मनापासून." तीनदा म्हणवून घेतला. तिसरा त्याला पटला.

मिरियान रविवारी फोन करायची. फोन तोच उचलायचा. मला दिला तरी शेजारी उभा राहायचा. एकदा ती एवढंच म्हणाली, "आई, बस रोज असते." मी म्हटलं, "हो गं." बस खरंच रोज असायची. तिचा भोंगा मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि मी हातातलं काम जरा जोरात करायची. पहिली दोन वर्षं बॅग भरलेली होती. मग थंडीत शाल लागली. शाल काढल्यावर उरलेलं ठेवण्यात अर्थ नव्हता.

दोन हजार दोन साली देशाची दशा झाली आणि माणसं विमानं भरभरून जाऊ लागली. तिनंही ठरवलं, स्पेनला, विगोला. घरचा फोन नको म्हणून तिनं केंद्रावर फोन करून निरोप दिला. चिठ्ठीत असेल ते तो वाचेलच, असं तिला वाटलं असेल. तोपर्यंत चिठ्ठ्या उतरवून घ्यायला तिथे एक मुलगी ठेवली होती. बुधवारी साडेसहाला मी चूल पेटवत असताना रेडिओवर अल्सिदेस म्हणाला, "आज एक घरचा निरोप. माझी मुलगी मिरियान उद्या परदेशी निघाली आहे, बापाचे आशीर्वाद घेऊन. बापाचं काळीज काय म्हणतं, श्रोतेहो, तुम्ही जाणता." पाच मिनिटं तो काळजाबद्दल बोलला. फार सुंदर बोलला. मी रडले.

चिठ्ठी मला पुढच्या महिन्यात त्या मुलीनं आणून दिली. तिला वाटलं, मला आठवण म्हणून हवी असेल. वर लिहिलं होतं, "पासो ओंदोच्या नेल्दाला निरोप. गुरुवारी रात्रीचं विमान. बुधवारी सहाच्या बसनं ये. तिकीट दोघींचं आहे."

मी ती त्याच्यासमोर धरली नाही. लाउदेलिनाच्या चिठ्ठीजवळ ठेवली.

दोन हजार नऊमध्ये तो गेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. साडेसहाला रेडिओ लावला आणि दुसऱ्याच कुणाचा आवाज आला तेव्हा मी रेडिओ बंद केला. त्याच्या आवाजानं कधी काळी माझ्यासाठी घोडा मागवला होता, हे मी विसरले नव्हते. मिरियाननं तार केली नाही, फुलं पाठवली नाहीत. वर्षाअखेर एक कार्ड येतं. समुद्राचं चित्र, खाली सही. विगोला इथून बस जात नाही.

परवा पुन्हा मार्चचा पहिला सोमवार होता. एल्बियोही आता नाही. इल्दा रोज सकाळी काठी टेकत येते, आम्ही दोघी त्याच झाडाखाली बसतो. आता भरून मी देते. खिडकीत रेडिओ होता. फीत लागली. त्याचा आवाज, मग माझा, मग त्याचा.

"नेल्दा," इल्दा म्हणाली, "मला त्या दिवशी कळलं होतं गं."

"माहितीये. बॅग तूच आत आणलीस. मग टाळ्या कशाला वाजवल्यास?"

"एल्बियोनं वाजवल्या म्हणून." तिनं काठी झाडाला टेकवली. "आणि मला वाटलं, तू उठशील. टाळ्या वाजत असतानासुद्धा उठता येतं."

मी थर्मास उचलला. तिला तुंबा भरून दिला. तिनं ओढला, परत केला.

"आभार," ती म्हणाली आणि काठी शोधू लागली. तिला डॉक्टरकडे जायचं होतं, आल्या आल्याच तिनं ते सांगितलं होतं. थर्मास अजून अर्धा भरलेला होता.

"एवढ्यात?" मी म्हटलं. "माझ्या हातची नको?"

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. सूरही तोच होता. इल्दानं माझ्याकडे पाहिलं. मग काठी परत झाडाला टेकवली आणि बसली. मी तुंबा भरला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला.